मिस्त्रीचा मॅप आणि सिस्टरबाईंचा राउंड

आमच्या समोरच्या दारातला माणूस हॉटेलात गेला की आधी भिंत शोधतो. भिंत सापडली की तिला पाठ लावतो, दाराकडे तोंड करतो आणि मगच चहा सांगतो. एकदा सगळ्या भिंती आधीच कोणी ना कोणी अडवलेल्या होत्या, तर हा पठ्ठ्या उभ्यानेच चहा पिऊन परत आला. वय चाळिशीला टेकलेलं, अंगात इस्त्रीचा शर्ट, स्वयंपाकघरं बनवून देणाऱ्या कंपनीत कॉम्प्युटरवर ओटे आणि कपाटं आखायची सभ्य नोकरी. पण जिन्याचं वळण आलं की अर्धं डोकं बाहेर काढून आधी खाली कोण आहे ते बघणार. खाली कोण असणार? कचऱ्याची पिशवी घेऊन निघालेला मी.

त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. विटेला त्याने जन्मात हात लावलेला नाही. हे नाव पडलं ते तळघरातल्या कॉम्प्युटर कॅफेत, आणि ते पडलं तेव्हा मी तिथे स्टुलावर उभा राहून पंखा उघडून बसवत होतो, म्हणून खात्रीने सांगतो.

माझा धंदा मिक्सर, इस्त्र्या, पंखे दुरुस्त करायचा. टेबल घरातच, दाराला लागून, आणि दार दिवसभर उघडं, कारण जळक्या मोटारीच्या वासाला बाहेर जायला वाट लागते. आमची ही म्हणते, वासाचं निमित्त आहे, तुम्हाला जिन्यावर कोण चढलं आणि कोण उतरलं ते बघायचं असतं. असेल. कोणीतरी बघायला नको का?

तर ते तळघर. एका रांगेत बसलेली पोरं एकमेकांना गोळ्या घालत होती आणि त्याच वेळी एकच बिस्किटाचा पुडा रांगेतून फिरत होता. ज्याला आत्ता ठार मारलं त्याच्यापुढेच पुडा धरायचा, असा तिथला शिष्टाचार. त्या जुन्या बंदुकीच्या खेळांत तुम्ही स्वतः कधी पडद्यावर दिसत नाही. खाली मधोमध तुमचे हात, हातात बंदूक, आणि समोर खोली. तुम्ही म्हणजे फक्त दोन डोळे आणि दोन हात. बाकी सगळं ती खोली. म्हणून ज्याने खोली बांधली, त्याच्या मुठीत तुमचा जीव.

बाकीची पोरं खेळायची, हा खोल्या बांधायचा. गेमबरोबरच एक नकाशे आखायचं साधन यायचं म्हणे, आणि त्यात याने काय बांधावं, तर आमची बिल्डिंग. तोच जिना, तेच मीटरचे डबे, गच्चीवरची टाकी, माझ्या दाराबाहेरची मोडकी खुर्चीसुद्धा. मला कौतुकाने समोर बसवलं. मी पंख्याचं काम सोडून बसलो आणि आपल्याच स्वयंपाकघरात, आपल्याच ओट्याशी, परत परत मेलो. मारणारा शेजारच्या कॉम्प्युटरवर बिस्किट खात बसला होता. मी म्हटलं, अरे, निदान माझ्या घरात तरी मला दोन मिनिटं जगू द्या.

तेवढ्यात याची आई आत आली. मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डाची मुख्य सिस्टर. पांढरा युनिफॉर्म, छातीला उलटं टांगलेलं घड्याळ, पायात न वाजणारे बूट. त्यांना अख्खी बिल्डिंग सिस्टरबाईच म्हणायची, आणि त्या आल्या की जिन्यातली भांडणंसुद्धा हळू आवाजात व्हायची. पोरं खुर्च्यांखाली सरकली. मला वाटलं आता याचा कान आणि आपली करमणूक. पण सिस्टरबाई याच्या मागे उभ्या राहून पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एकच जिना? मग पेशंट कुठून उतरवणार?"

याने मान वर केली.

"आणि या खोलीत आत जायला दार आहे, बाहेर पडायला नाही. आग लागली तर काय करायचं माणसांनी? चल, जेवायला."

दुसऱ्या दिवशी मॅपमध्ये मागच्या बाजूला दुसरा जिना आणि प्रत्येक खोलीला दुसरं दार. बिल्डिंगला आजही मागचा जिना नाही, पण त्या खेळातल्या बिल्डिंगला आहे. आणि काय सांगू, त्या दिवसापासून तो मॅप असा काही रंगायला लागला, की दुसऱ्या गल्लीतली पोरं आमच्या बिल्डिंगमध्ये मरायला यायला लागली. कोणी कोपऱ्यात दबा धरून बसला तर मागून कोणीतरी यायचंच. कोणाला थांबता येत नसे. सगळे सतत गोल गोल पळत. एकदा मी परत तोच पंखा बसवत असताना कोणीतरी याला मिस्त्री म्हटलं, आणि तेच चिकटलं.

आता त्या तळघरात चपलांचं गोदाम आहे. ती पोरं पांगली; कोणाला पोट सुटलं, कोणाला जुळी झाली. मिस्त्री मात्र तिथेच राहिला. मला जिन्यात गाठून ऐकवायचा, आताचे गेम म्हणजे काय, दादा, बोट धरून नेतात. इकडे बाण, तिकडे बाण, एक लांबलचक बोळ आणि शेवटी सिनेमा. पूर्वी निळी चावी मिळायची तेव्हा निळं दार आपण कुठे पाहिलं होतं ते आपल्यालाच आठवावं लागायचं. खिडकीतून एखादा सज्जा दिसायचा, तिथे जायचं कसं ते कळायचं नाही, आणि बऱ्याच वेळाने कुठूनसं भटकत तिथेच निघालो की अंगावर काटा यायचा. एखादी भिंत जरा वेगळी दिसली की तिच्याआड चोरखोली असायची. दिवा कुठे लावायचा, तर जिथे माणसाने जावं असं वाटतं तिथे. सांगायचं नाही काहीच, तरी माणूस बरोबर जातो. मी म्हणायचो, अरे, एवढं डोकं लग्नाच्या बाबतीत चालवलं असतंस तर. तो म्हणायचा, त्यात बाहेर पडायला दुसरं दार नसतं, दादा.

त्याच्याकडे ते जुनं पेटीएवढ्या मॉनिटरचं धूड अजून आहे. कधीतरी ते लावून तो आमची बिल्डिंग उघडायचा आणि एकटाच फिरायचा. मारायला कोणी नाही, मरायला कोणी नाही. मी एकदा मागे उभा राहून बघितलं. माझ्या दाराबाहेरची खुर्ची तशीच. मला उगाचच कसंतरी झालं आणि मी घरी येऊन खरी खुर्ची आहे का ते पाहिलं.

आणि मग सिस्टरबाईंना विसर पडायला लागला.

आधी मीठ, मग नावं, मग माणसं, आणि शेवटी घर. न्हाणीघर समजून कपाट उघडायच्या. दुपार कलली की त्यांच्या जिवाची घालमेल सुरू व्हायची. हात पुसायच्या, पदर नसलेल्या गाऊनवर घड्याळ चाचपायच्या आणि दाराबाहेर पडायच्या. मिस्त्रीने कंपनीच्या हातापाया पडून घरून काम करायची परवानगी मिळवली. तरी एक दिवस याचं डोकं कोणाच्या तरी ओट्यात अडकलेलं असताना त्या निघून गेल्या, आणि दूधवाल्याने त्यांना बसस्टँडवरून हाताला धरून आणलं. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी.

हे त्याच्या ताईला कळलं. कोणाकडून, हे विचारू नका; बिल्डिंगमध्ये फोन काय माझ्या एकट्याकडेच आहे? ताई दुसऱ्या गावी असते. धाकट्याला तिने लहानपणापासून दमात ठेवलंय. तिच्या घराजवळ म्हाताऱ्यांना सांभाळणारी चांगली संस्था आहे, फाटक आहे, फाटकाला माणूस आहे, डॉक्टर येतो. तिने फोनवर सांगितलं की मी येते, दोन दिवस राहते. आई घरात नीट राहिली तर तुझं खरं. माझ्यासमोर एकदा जरी दाराबाहेर गेली, तर माझ्याबरोबर येणार. मिस्त्री हो म्हणाला. दुसरं म्हणणार काय? ताई चुकीचं बोलत नव्हती, तीच तर पंचाईत होती.

फोन ठेवल्यावर तो माझ्या टेबलाशी आला, उघड्या मिक्सरमधला एक स्क्रू उचलून बोटांत फिरवत राहिला आणि म्हणाला, "दादा, घराचा मॅप करतो. वायरिंगला तुम्ही या."

मग जे काही झालं त्याचा धुरळा माझ्या चहात पडायचा. बेडरूम आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत फोडून दार काढलं. आता बैठकीतून बेडरूम, बेडरूममधून स्वयंपाकघर, तिथून परत बैठक. कुठेही अडकायला होणार नाही. न्हाणीघराचं दार निळं आणि आत जायच्या वाटेवर निळी पट्टी. पलंगाकडे उबदार पिवळा दिवा, जिथे जाऊ नये तिथे अंधार. गॅसकडचा कोपरा तर असा काळवंडून टाकला की आमची ही म्हणाली, हा कोणाचं स्वयंपाकघर असं आखत असेल तर त्या बाईचं कल्याण. स्वयंपाकघरात बारीक आवाजात रेडिओ, म्हणजे कानालाही दिशा. आणि सगळ्यांत भारी, बाहेरचं दार. त्याने ते आतून भिंतीच्या रंगात रंगवलं, कडी काढून चपटा खटका बसवला, त्यावर भिंतीवरचीच फुलांची वेल पुढे ओढली. दार लावलं की दार नाहीच. मी स्वतः बाहेर पडताना एकदा खिडकीकडे गेलो.

आणि ते चाललं. सिस्टरबाई कपाटात शिरेनात. निळं दार बरोबर सापडायला लागलं. मिस्त्रीचा चेहरा असा फुलला, जसा त्या तळघरात फुलायचा.

फक्त त्या बसेनात.

बैठक, बेडरूम, स्वयंपाकघर, बैठक. अडकायला कुठे होतच नव्हतं, मग थांबायचं कुठे? ताटलीतला टोस्ट चालता चालता उचलायच्या. पॅसेजपलीकडून मला दिवसभर त्यांच्या सपाता ऐकू यायच्या, सप सप, सप सप. मिस्त्री त्यांच्या मागून आई, बस ना जरा, करत फिरायचा, आणि मग कधीतरी दोघांच्याही सपाता ऐकू यायच्या. त्यांचे पाय सुजले. याचं काम राहिलं. याने एक खुर्ची वाटेत ठेवून पाहिली. त्यांनी ती बाजूला सारली आणि चालत राहिल्या. पेशंटच्या नातेवाइकांनी मध्येच ठेवलेली खुर्ची बाजूला सारतात ना, तशी. मी त्याला सांगितलं, तुझी आई राउंडवर आहे रे. तो म्हणाला, माहितीये, पण राउंड संपत का नाही? म्हटलं, मला काय विचारतोस? मी मिक्सरवाला.

ताई आली. हातातली बॅगसुद्धा खाली न ठेवता ती बैठकीत उभी राहिली आणि आई तिच्यासमोरून गेली, आतून फिरून परत आली, परत गेली. ताईने रंग पाहिले, दिवे पाहिले, ती फुलांची वेल पाहिली. तेव्हा मीही तिथेच होतो. एक बल्ब सैल झाला होता, असं आपलं मी म्हणत होतो.

ताई हळू आवाजात म्हणाली, "हे घर केलंयस की पिंजरा?"

मिस्त्री मागे सरकत गेला. त्याची पाठ भिंतीला लागली होती. नेहमीसारखी टेकलेली नव्हे, ढकलल्यासारखी. मग त्याने ताईला काहीतरी समजवायला सुरुवात केली, की बघ, ती आता चुकत नाही, पडत नाही, आणि ताई म्हणत होती की तिचे पाय बघितलेस का, आणि दोघंही लहानपणीसारखी एकमेकांचं वाक्य तोडायला लागली. मी तिथून सटकलो. भावाबहिणीच्या भांडणात शेजाऱ्याने थांबू नये, दारातून ऐकावं. तेही माझ्या दारातून.

मी टेबलाशी येऊन बसलो न बसलो, तोच समोरचं दार उघडलं. आतून. खटक्याचा आवाजसुद्धा नाही.

मिस्त्रीची गोची मला नंतर कळली. आयुष्यभर तो ज्या भिंतींत वावरला त्या भिंती म्हणजे चित्रं. त्यांना हात लावता येत नाही. डोळ्यांना फसवलं की माणूस फसला. आणि सिस्टरबाई वर्षानुवर्षं दिवे मालवलेल्या वॉर्डातून भिंतीला हात लावून फिरलेल्या. पोरं भांडत असताना त्यांनी वेलीवरून हात फिरवला आणि हाताला खटका लागला. संपलं.

त्या पॅसेज ओलांडून सरळ माझ्या दारात आल्या. टेबलावरचा दिवा लागलेला, मी त्यामागे बसलेलो, समोर उघडी पडलेली इस्त्री. त्या टेबलापुढे ताठ उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सिस्टर, चार्ज घ्या."

आता मी काय बोलणार होतो कोण जाणे. जिभेला हाड नाही, काहीही बोललो असतो. पण त्या आवाजापुढे मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "घेते, सिस्टर."

"एक नंबरचं सलाइन संपत आलंय. दोन नंबरला ताप नाही, पण रडतो. चार नंबरच्या आजी घरी जायचं म्हणून सारख्या उठतात. त्यांना दार सापडत नाही, म्हणून चिडतात. त्यांच्यावर रागावू नका."

"नाही रागावणार."

"घेतलात चार्ज?"

"घेतला. तुम्ही बसा आता. तुमची ड्यूटी संपली."

आणि त्या बसल्या. माझ्या दाराबाहेरच्या त्या मोडक्या खुर्चीवर, पाय लांब करून, डोळे मिटून. आत आमच्या हिने न सांगता चहा टाकल्याचा वास आला.

समोरच्या दारात भाऊ-बहीण येऊन थबकले होते. ताई पुढे झाली. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद अजिबात नव्हता, पण बोलणं तिला भाग होतं. "गेली ना दाराबाहेर?"

मिस्त्री आईकडे बघत होता. तसाच बघत म्हणाला, "मी फक्त मारामारीचेच मॅप केले, ताई. त्यांना शेवट नसतो. वेळ संपेपर्यंत गोल पळायचं. शेवटचं दार मी कधी काढलंच नाही."

ताईला त्यातलं किती कळलं, मला शंका आहे. पण तिने आईच्या पायाशी बसून सुजलेला घोटा मांडीवर घेतला आणि बराच वेळ चोळत राहिली. आईने तो काढून घेतला नाही.

ताईचे दोन दिवस संपले आणि ती आणखी राहिली. पुढची प्रत्येक संध्याकाळ तिने माझ्या दारात उभं राहून बघितली. मिस्त्रीने वेल खरवडून काढली, बाहेरचं दार लालभडक रंगवलं, घरातले दिवे असे बदलले की दुपार कलली की सगळा उजेड त्या दाराकडे जाईल, आणि पॅसेजमधला बल्ब मी मोठा केला. सिस्टरबाई थोडा वेळ फिरतात, लाल दार उघडतं, मिस्त्री मागे दोन पावलं ठेवून चालतो, त्या माझ्याकडे येतात, चार्ज देतात आणि बसतात. मी मध्ये एकदा चावटपणा केला, म्हटलं, सिस्टर, पाच नंबरचा पेशंट पळाला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत त्या वाटेला गेलो नाही. मिशांवरून तर रोज बोलणी खातो. ड्यूटीवर मिशा चालत नाहीत, उद्या काढून या. आमची ही म्हणते, वीस वर्षं मी सांगतेय तेव्हा नाही काढल्या.

निघताना ताईने मला बाजूला घेऊन विचारलं की तुम्ही बाहेरगावी गेलात तर? मी म्हटलं, आमची ही आहे. आणि दोघंही गेलात तर? मी म्हटलं, तिसऱ्या मजल्यावरचा शिंपी आहे, त्याला शिकवतोय, पण तो फार विचारतो. ताई हसली नाही. म्हणाली, पुढच्या महिन्यात येऊन बघते. संस्थेतली जागा तिने अजून सोडलेली नाही, हे मला माहीत आहे, मिस्त्रीलाही माहीत आहे. म्हणून संध्याकाळ झाली की आम्हा दोघांचंही कामात चित्त नसतं. मी इस्त्रीची वायर उलटी गुंडाळतो, तो पलीकडे खुर्ची सरकवत बसतो, आणि दोघांचेही कान त्या लाल दाराकडे.

काल सिस्टरबाई चार्ज देऊन बसल्या, आणि मिस्त्रीही त्यांच्याजवळ जिन्याच्या पायरीवर टेकला. चहाचा कप हातात, नजर आईकडे, आणि अख्खा जिना त्याच्या पाठीमागे मोकळा. वरून कोणीतरी दणादण उतरून त्याला ओलांडून गेलं, तरी त्याने मान वळवली नाही. मला बोलायची फार सुरसुरी आली होती. मी इस्त्रीत तोंड घातलं.

सिस्टरबाईंनी डोळे उघडले, त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तुम्ही चार नंबरच्या आजींचे कोण?"

"मुलगा."

"भेटायची वेळ संपली."

"हो, सिस्टर. जातोच," तो म्हणाला, आणि बसून राहिला.